पत्र्याचं शेड: वरून वारा, खालून माती

(हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे बघा" आणि "काय आहे ना" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे शेड. गाईचा गोठा, शेळ्यांचं शेड, कांद्याची चाळ, कोंबड्यांचं शेड, ट्रॅक्टर आणि खतं ठेवायचं गोडाऊन. गावाकडे गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काय उभं राहिलं असेल तर पत्र्याची शेडं. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हा निर्णय आता तुमच्याकडे येतो. वडील म्हणतात, "तू शिकलेला आहेस, मोबाईलवर बघ, कोटेशन घे."

मग आपण फॅब्रिकेटरला फोन करतो आणि एकच प्रश्न विचारतो: स्क्वेअर फुटाला किती?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न अपुरा आहे. स्क्वेअर फूट हे छपराचं माप आहे. पण शेड टिकणार की नाही हे छपराच्या वर काय वाहतं आणि खांबांच्या खाली काय आहे यावर ठरतं. त्या दोन्ही गोष्टी प्रत्येक तालुक्यात वेगळ्या आणि कोटेशन मात्र सगळीकडे एकच. मी स्वतः कॉम्प्युटरचा बीटेक आहे, सिव्हिलचा नाही. पण घरच्या एका शेडच्या निमित्ताने आयएस कोड वाचले, एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्राकडून आकडे तपासून घेतले, आणि लक्षात आलं की यातलं निम्मं गणित दहावीच्या पोराला जमेल असं आहे. ते आज करू.

शेड पडत नाही, उडतं

आपल्या डोक्यात इमारत म्हणजे वजन. वजन खाली येतं, पायाने ते पेलायचं. आरसीसीच्या घराला हे बरोबर आहे. पत्र्याच्या शेडला उलट आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरतो. खालचं लोखंड धरलं तरी सगळं मिळून पंधरा किलोच्या आसपास.

आता वारा बघा. वाऱ्याचा भारतीय कोड म्हणजे आयएस ८७५ चा भाग ३. त्यात देशाचा नकाशा आहे आणि प्रत्येक भागाला एक मूळ वेग दिलाय. पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबई आणि नागपूरला ४४, म्हणजे ताशी १५८. हा रोजचा वारा नाही. पन्नास वर्षांच्या हिशेबाने गृहीत धरलेला, तीन सेकंदांचा झोत आहे. पण शेड उडायला तीन सेकंद पुरतात.

वेगावरून दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. वेगाचा वर्ग, हे लक्षात ठेवा. म्हणजे वारा दीडपट झाला की दाब सव्वादोनपट. ३९ चा वर्ग १५२१, गुणिले ०.६ म्हणजे साधारण ९१० न्यूटन. किलोत सांगायचं तर ९३ किलो प्रत्येक चौरस मीटरवर. शेतीच्या इमारतींना कोड थोडी सूट देतो, कारण त्यांचं आयुष्य २५ वर्षं धरलेलं असतं आणि त्यात माणसं राहत नाहीत. ती सूट आणि बाकीचे गुणक लावून बोलण्यापुरता आपण ७० किलो धरू.

हा दाब छपराला खाली दाबत नाही. वारा उतारावरून घसरत जातो तेव्हा वरच्या बाजूला ओढ तयार होते, पत्रा वर खेचला जातो. आणि शेडला तीन बाजूंनी भिंती आणि एक बाजू उघडी असेल, आपले निम्मे गोठे असेच असतात, तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. वरून ओढ, खालून धक्का. ही सगळ्यात वाईट रचना. उघडी बाजू ठेवायचीच असेल तर समोरच्या भिंतीच्या वर वळचणीखाली फूट-दोन फूट जाळी ठेवा. आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट मिळते.

आता हिशेब. २० बाय ३० फुटांचं शेड, म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. गुणिले ७० किलो: जवळजवळ ३,९०० किलो वर खेचणारे. त्यातून छपराचं स्वतःचं वजन, १५ गुणिले ५६, म्हणजे ८४० किलो वजा करा. उरले तीन टन. शेडला आठ खांब असतील तर प्रत्येक खांबाला सरासरी ३८० किलो उपटणारा जोर.

या जोराला खाली धरून कोण ठेवणार? खांबाच्या बुडाशी ओतलेलं काँक्रीट. एक घनफूट काँक्रीट म्हणजे सुमारे ६८ किलो. माझ्यासमोर आलेल्या एका कोटेशनमध्ये खड्डा होता एक बाय एक बाय दीड फूट. दीड घनफूट. १०२ किलो. ३८० किलोच्या ओढीला १०२ किलोचं उत्तर. बाकीचा भरवसा मातीच्या पकडीवर. दीड बाय दीड बाय अडीच फुटांचा खड्डा केला तर ३८० किलो भरतात, पण ते अगदी काठावर. दोन बाय दोन बाय तीन फूट केला तर ८१६ किलो. तेव्हा कुठे दुपटीची सोय झाली.

आठ खड्ड्यांना मिळून हा फरक येतो ८४ घनफूट काँक्रीटचा, म्हणजे सिमेंटची साधारण वीस पोती. अख्ख्या शेडच्या खर्चात वीस पोती म्हणजे काय, हे तुम्हीच बघा.

अजून एक. काँक्रीट जड असून उपयोग नाही, खांब त्याला धरलेला हवा. गुळगुळीत पाईप काँक्रीटमध्ये नुसता रोवला तर तो गाजरासारखा उपसून येऊ शकतो. पाईपच्या बुडाला आडव्या सळ्या वेल्ड करा, किंवा फाउंडेशन बोल्ट आणि बेस प्लेट वापरा. पत्र्याचा स्क्रू, पर्लिन, कैची, खांब, बोल्ट, काँक्रीट, ही साखळी आहे. सगळ्यात कच्ची कडी तुटते. छपराच्या कडा आणि कोपरे यांच्यावर ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ मारायचे. पत्रे उडायला सुरुवात नेहमी कोपऱ्यातून होते. आणि उडालेला पत्रा हे नुसतं नुकसान नाही. वाऱ्यात सुटलेल्या पत्र्याच्या वाटेत माणूस आला तर जीव जातो.

मग वर दगड ठेवायचे का?

बरेच जण पत्र्यावर दगड, वाळूची पोती, जुने टायर ठेवतात. यामागची बुद्धी बरोबर आहे, वजन हवंय. जागा चुकीची आहे.

आपल्याकडे जुनी माळवदाची घरं होती. वर जाड मातीचा थर. वाऱ्याने ते छप्पर उडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि उन्हाळ्यात आत गारवा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि तीच जड छपरं माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसं गेली. मराठवाड्यात त्यानंतर हलक्या छपराची ओढ वाढली, ती उगाच नाही.

म्हणजे हलकं छप्पर भूकंपात वाचवतं, वाऱ्यात उडतं. जड छप्पर वाऱ्यात टिकतं, भूकंपात मारतं. दोन्हीतून वाट एकच: छप्पर हलकं, आणि वजन जमिनीखाली. वर ठेवलेला दगड वाऱ्यात घरंगळून जनावराच्या डोक्यात पडू शकतो. तोच दगड खांबाच्या खड्ड्यात काँक्रीटबरोबर घातला तर कामाला येतो.

खालची माती

आता खाली उतरू. महाराष्ट्राचा मोठा भाग बसाल्ट खडकाचा आहे. तो खडक झिजून जी काळी माती झाली, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याची रचना पुस्तकाच्या पानांसारखी, थरावर थर. पाणी मिळालं की ते पानांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला ज्या भेगा पडतात, ज्यात हात जातो, ती ही आकसलेली माती. कापसाला ती सोन्यासारखी. खांबाला नाही.

यात गंमत बघा. फुगणारी माती वर ढकलते तो दाब चौरस मीटरला दहा टनांच्या वरही जाऊ शकतो. तीन मजली इमारतीचा पाया त्याला बऱ्यापैकी दाबून धरतो. आपल्या शेडचा काँक्रीटचा ठोकळा धरूनही खाली येणारा भार चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपास. म्हणजे हलकं शेड काळ्या मातीला जास्त सोपं सावज आहे. "छोटंसं तर शेड आहे, त्याला कशाला एवढा पाया" हे वाक्य काळ्या रानात नेमकं उलट लागू पडतं.

आणि माती सगळीकडे सारखी फुगली असती तरी चाललं असतं, अख्खं शेड दोन बोटं वर गेलं असतं आणि खाली आलं असतं. पण ती सारखी फुगत नाही. पागोळ्या जिथे पडतात तिथले खांब वर येतात, कोरड्या बाजूचे तिथेच राहतात. दोन-तीन पावसाळ्यांत कैची पिळवटते, पत्र्याची भोकं लांबट होतात, तिथून गळती सुरू. लोक म्हणतात पत्रा खराब निघाला. पत्रा बिचारा ठीक होता.

आपली माती किती फुगते हे बघायची सोपी चाचणी आहे, आयएस २७२० च्या भाग ४० मधली. चाळलेली, पूर्ण वाळवलेली माती प्रत्येकी दहा ग्रॅम घ्या. एका मोजपात्रात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. दोन्हीत माती टाकून चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या मापाशी ताडून बघा. पाण्यातली माती दीडपट झाली, म्हणजे ५० टक्के फुगली, तर सावध व्हा. प्रयोगशाळेइतकं अचूक येणार नाही, पण तुमची माती कुठल्या जातीची आहे ते कळेल.

आणि काळी माती किती खोल आहे? त्याला तर काहीच खर्च नाही. शेजारच्या विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या खोदाईचा काठ बघा. वर काळी, मग फिकट चुनखडीची, मग मुरूम. कुठे किती फुटांवर मुरूम लागतो ते डोळ्यांना दिसतं. मोबाईलने फोटो काढा, शेजारी टेप धरून. इंजिनिअरला दाखवायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

मे महिन्याचा पेच

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. मला स्वतःला हा मुद्दा कळला तेव्हा मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो.

वारा खांबाला वर ओढतो तेव्हा काँक्रीटच्या वजनाशिवाय बाजूच्या मातीची पकडही मदत करते. साध्या मातीत ही पकड वर्षभर असते. काळ्या मातीत उन्हाळ्यात माती आकसते आणि काँक्रीटपासून सुटते. ठोकळ्याच्या चारी बाजूंना फट पडते. ही फट सगळ्यात मोठी कधी? एप्रिल-मेमध्ये. आणि वळवाचा वारा, वावटळ, गारपीट, पत्रे उडवणारं वादळ आपल्याकडे कधी येतं? एप्रिल-मे, जूनची सुरुवात.

म्हणजे पकड सगळ्यात कमी आणि ओढ सगळ्यात जास्त, दोन्ही एकाच महिन्यात. जानेवारीत तुम्ही खांब हलवून बघाल आणि म्हणाल, हत्ती बांधला तरी हलणार नाही. तो मेमध्ये तसाच असेलच असं नाही. म्हणून काळ्या रानात मातीच्या पकडीचा हिशेब धरायचाच नाही. फक्त वजन धरायचं, किंवा खाली अडकून बसणारा पाया करायचा.

मग करायचं काय?

खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो.

पहिलं, पाणी आवरा. ५६ चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३९ हजार लिटर पाणी होतं. पन्हळ नसेल तर ते सगळं दोन सरळ रेषांत, खांबांच्या बुडाशी ओतलं जातं. पन्हळ लावा, पाणी पाईपने लांब न्या किंवा टाकीत घ्या, जनावरांना होईल. शेडभोवती तीन-चार फुटांचा, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करा. गोमूत्राची नाली पक्की करा. मोठं झाड शेडपासून निदान त्याच्या उंचीएवढं लांब ठेवा, कारण मुळं पाणी ओढून एकाच बाजूची माती सुकवतात. यात अवघड इंजिनिअरिंग काहीच नाही आणि तरी निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

दुसरं, काळी माती तीन-चार फुटांचीच असेल तर तिला ओलांडून खड्डा थेट मुरमात न्या. बहुतेक माळाकडच्या रानात हे जमतं. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय.

तिसरं, जमीन भरताना वाळू घालू नका. हा फार प्रचलित गैरसमज आहे. वाळू फुगत नाही हे खरं, पण ती पाणी थेट खालच्या काळ्या मातीपर्यंत पोहोचवते आणि तिथे साठवते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात यावर मोठं काम केलं. त्यांनी दाखवलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे आपल्या चांगल्या मुरमासारख्या मातीचा, साधारण मीटरभराचा दाबून बसवलेला थर दिला तर खालचं फुगणं बरंच आवरतं. दाबून, हा शब्द महत्त्वाचा. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मस करून. ट्रॉली रिकामी करून वरून ट्रॅक्टर फिरवला म्हणजे झालं असं नाही.

चौथं, काळी माती फारच खोल असेल, गोदावरीकाठी असते तशी, तर अंडर-रीम्ड पाइल. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याच काळ्या मातीसाठी विकसित केलेली पद्धत. ऑगरने गोल भोक पाडायचं, तळाशी ते रुंद करायचं आणि सळई घालून काँक्रीट ओतायचं. खाली कांद्यासारखा फुगवटा तयार होतो, वरच्या दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद. खोल काळ्या मातीत कोड किमान साडेतीन मीटर खोली सांगतो, कारण तिथे खाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. हा फुगवटा दोन्ही कामं करतो: माती फुगली तरी खांब वर येत नाही, आणि वाऱ्याने ओढलं तरी उपटत नाही. खांबांना जोडणारी तुळई केलीत तर तिच्याखाली तीनेक इंच मोकळी फट ठेवा, मातीला फुगायला जागा हवी.

आणि जमिनीवर एकसलग मोठी काँक्रीट स्लॅब नको. सात-आठ फुटांचे तुकडे करा, किंवा मुरमावर विटा-पेव्हर बसवा. फुगली तर उचलून परत बसवता येतात.

आमच्या घरी परभणीकडे हाच वाद झाला होता. चुलतभावाला दहा गाईंचा गोठा करायचा होता, कर्ज मंजूर झालेलं, पैसे मोजके. खोल पायाचा खर्च काढला तर बजेटच्या बाहेर. काका म्हणाले, "जमिनीत पैसे पुरायचे कशाला? दिसतंय का ते कुणाला?" दादा म्हणाला, "काका, गाई कर्जाच्या आहेत. छप्पर त्यांच्या अंगावर पडलं तर हप्ता कोण भरणार?" दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी वहिनींनी तोडगा काढला. ३० फुटांऐवजी २० फूट लांबी, दहा फुटांचा एक खण कमी. आठऐवजी सहा खांब, पण सहाही मुरमापर्यंत. पुढचा खण दुधाच्या पैशातून, नंतर. सध्या चार गाई शेजारच्या कडुनिंबाखाली बांधतात आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत असतात. पण मला हा निर्णय बरोबर वाटतो. शेड नंतर लांबवता येतं. पाया नंतर खोल करता येत नाही.

कोकणात सगळं उलट

आता हेच ड्रॉइंग घेऊन सिंधुदुर्गात जा. तिथे जांभा. फुगत नाही, आकसत नाही, पाणी झिरपू देतो. खड्डा खणायला घाम निघतो, पण एकदा काँक्रीट त्यात बसलं की पकड बारमाही. इथे साडेतीन मीटरच्या पाइलवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी.

कोकणाचे प्रश्न दोन: पाऊस आणि गंज. देशावर १० अंशांचा उतार पत्र्याला पुरतो. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटर पडतं आणि वाऱ्याबरोबर आडवं पडतं, तिथे पाणी पत्र्यांच्या जोडातून वर चढतं. म्हणून जुन्या कौलारू घरांचा उतार २५-३० अंशांचा. तो शोभेसाठी नव्हता. पत्र्यालाही जास्त उतार, जास्त लांब वळचण आणि जोडाला जास्त ओव्हरलॅप द्या.

गंजासाठी पत्र्यावरचं जस्त बघा. दुकानात जाडी विचारतात सगळे, जस्त कुणी विचारत नाही. ते ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात, १२० चा पत्राही मिळतो आणि २७५ चाही. समुद्राजवळ हा फरक काही वर्षांच्या आयुष्याचा असतो. गोठ्यात तर खालूनही हल्ला असतो, गोमूत्र आणि त्यातून सुटणारा अमोनिया. लोखंडी खांब नेमका जमिनीला टेकतो तिथे कुजतो. म्हणून कोकण असो की देश, काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर फूट-दीड फूट आणा आणि लोखंड तिथून सुरू करा.

आणि वारा तिथेही आहेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा गावंच्या गावं छपराविना झाली. पाया घट्ट होता तिथेही पत्रे गेले, कारण साखळीतली वरची कडी, स्क्रू आणि हूक, कच्ची किंवा गंजलेली होती. दर पावसाळ्याआधी शिडी लावून गंजलेले हूक बदलणं हे बैलाला पत्री ठोकण्याइतकं नेमाचं काम आहे.

ऊन, आणि तोंड कुठे करायचं

विदर्भात पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात राज्यात सगळीकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत. म्हणजे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा तो फक्त छपराला भाजतो. आत तिरपा शिरतो तो सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून. म्हणून गोठ्याची किंवा पोल्ट्रीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे त्या दोन दिशांना अरुंद बाजू येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दक्षिणेच्या लांब बाजूने ऊन आत येतं, गव्हाण आणि जमीन सुकते.

तापलेल्या पत्र्याखालची गाय हवेने भाजत नाही, वरून येणाऱ्या धगीने भाजते. पत्र्याला वरून पांढरा चुना, खाली फूटभर अंतर सोडून तट्टे, वळचण निदान दहा फूट उंच आणि आढ्याला गरम हवा जायला फट. एवढं केलं तर होल्स्टीन संकरित गाय मेमध्ये धापा टाकणं कमी करते. वर पाचट किंवा कडबा अंथरणार असाल तर विजेची वायर आधी तपासा, आग लागायला एक ठिणगी पुरते.

पण हा पूर्व-पश्चिम नियम पाठ करू नका, कारण कांदा चाळीला तो तसाच लागू नाही. तिथे शिफारस अशी: एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. उन्हाळ कांदा चार-सहा महिने ठेवायचा तर ढिगातून वारा खेळायला हवा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर ठेवली की पश्चिमेचा वारा लांब बाजूवर येतो आणि चार फूट रुंदीच्या ढिगातून आरपार जातो. खालून हवा यावी म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला. म्हणजे इथे आपण मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत उभे राहतोय. मग खांबांचं वजनही त्या हिशेबाने वाढवायला हवं. गाईला सावली हवी, कांद्याला वारा हवा. शेड कुणासाठी आहे ते आधी ठरवा, दिशा मग ठरते.

फॅब्रिकेटरला विचारायचे सहा प्रश्न

याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

१. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली किती? कोटेशनवर लिहून द्या.
२. खड्डा मुरमाला लागेपर्यंत न्यायचा की ठरलेल्या मापाला थांबायचा? जास्तीच्या फुटाचा दर काय?
३. खांब काँक्रीटमध्ये कसा अडकवणार? आडव्या सळ्या की बेस प्लेट आणि बोल्ट?
४. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना स्क्रू किती अंतरावर?
५. पत्र्याची जाडी किती आणि जस्त किती ग्रॅमचं?
६. पन्हळ धरली आहे का, आणि तिचं पाणी कुठे सोडणार?

चांगला फॅब्रिकेटर चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण दरवेळी त्याला फक्त स्क्वेअर फुटाचा दर कमी करायला सांगतात, आणि तो कमी करायला त्याच्याकडे एकच जागा असते. जी मातीत गाडली जाते आणि कुणाला दिसत नाही.

आज सांगितलेले आकडे समजण्यासाठी आहेत, बांधण्यासाठी नाहीत. मोठं शेड असेल, माती खोल काळी असेल किंवा किनारा जवळ असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी द्या. पण त्याच्याकडे जाताना विहिरीच्या काठाचा फोटो, मातीच्या चाचणीचं उत्तर आणि हे सहा प्रश्न घेऊन जा.

पुढच्या भागात छपरावरून पन्हळीत आलेलं ते ३९ हजार लिटर पाणी टाकीत कसं घ्यायचं आणि टाकी केवढी बांधायची, ते बघू. तोपर्यंत एक काम करा. मे महिन्यात गावी असाल तर शेडच्या खांबापाशी जा आणि काँक्रीट आणि मातीच्या मधल्या फटीत काडी घालून बघा, किती आत जाते. जेवढी जाईल त्याचा फोटो पाठवा, सोबत तालुका लिहा. भेटू पुढच्या भागात.